चिकलठाण्याला बँकॉकचं विमान आणा, पैसेही द्या, पण हिशेबाने द्या : एका टूरिस्ट गाडीवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री आणि मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे अधिकारी,
आणि आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले सगळे खासदार, आमदार साहेब,

सप्रेम नमस्कार.

मी इथलाच एक टूरिस्ट गाडीवाला. सुरुवातीला दुसऱ्याची क्वालिस चालवायचो, आता स्वतःच्या दोन इनोव्हा आणि एक ट्रॅव्हलर आहे, बावीस वर्षं झाली, वेरूळ, अजिंठा, शिर्डी, एअरपोर्ट, मुंबई आणि परत, याच्यातच सगळं चाललंय. मी काही विमानातला एक्सपर्ट नाही पण विमानातून उतरलेल्या माणसाला पहिलं भेटणारा माणूस मी असतो, बोर्ड घेऊन उभा, आणि दमलेला माणूस काय बोलतो ते माझ्याइतकं कुणी ऐकत नसेल. आपल्या चिकलठाणा एअरपोर्टवरून इंटरनॅशनल फ्लाइट सुरू करायची, त्यासाठी विमान कंपन्यांना सवलती द्यायच्या, सबसिडी द्यायची असा विषय आपल्या शहरात परत परत निघतो. माझं म्हणणं आहे की द्याच. पण कोणत्या फ्लाइटला द्यायची, कशी द्यायची आणि किती दिवस द्यायची हे आधी नीट बसून ठरवा, नाहीतर फित कापली जाईल, पहिल्या दिवशी विमानावर पाण्याचे फवारे उडतील, आणि सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा मुंबईच्या रस्त्याला लागू.

एक गोष्ट सांगतो, समृद्धी महामार्ग सुरू व्हायच्या आधीची. जानेवारी महिना होता. थायलंडचा चौदा जणांचा ग्रुप, बँकॉकहून मुंबईत रात्री अडीचला उतरणार होता. मी आदल्या दिवशी दुपारीच ट्रॅव्हलर घेऊन निघालो होतो. इमिग्रेशन, सामान, वॉशरूम सगळं करून गाडी हलली तेव्हा सव्वाचार वाजलेले, मग कसाऱ्याचा घाट, नाशिकला नाष्टा, येवला, वैजापूर, आणि जालना रोडच्या हॉटेलवर पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती. त्या ग्रुपमध्ये एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. मांडीवर एक पिवळं कापड घडी करून ठेवलेलं, भंतेजींचं चीवर असतं तसं, आख्ख्या प्रवासात ते खाली ठेवलं नाही, झोपल्या तरी दोन्ही हात त्याच्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या बाहेर गाडी लावत होतो तर समोरून एक विमान अगदी खाली आलं आणि चिकलठाण्याला उतरलं. आजी बघतच राहिल्या. त्यांच्या ग्रुप लीडरला काहीतरी विचारलं, त्याने सांगितलं की हो, इथे एअरपोर्ट आहे. मग त्या बोटांवर मोजायला लागल्या. विमानाचे तास, थांबलेले तास, रस्त्याचे तास. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या, मला मात्र मान वर करवेना.

त्या दिवशी अजिंठ्यात काय झालं तेही सांगतो. तेव्हा सिल्लोडच्या पुढे रस्ता खोदून ठेवलेला, शंभर किलोमीटरला चार तास लागले. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी सोडायची, तिथून शटल बस, मग पायऱ्या. आजींना डोली करून दिली. संध्याकाळी परत निघायचं होतं कारण पुढच्या दिवशीचं मुंबईचं विमान ठरलेलं, त्यामुळे सगळ्या लेण्यांना मिळून दीड तास. २६ नंबरच्या लेण्यात डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणाची ती मोठी मूर्ती आहे, बुद्ध उजव्या कुशीवर झोपलेले, खाली रडणारे शिष्य. आजी तिच्यासमोर जमिनीवर बसल्या, ते कापड उलगडून समोर अंथरलं आणि हात जोडले. दहा मिनिटं झाली, लीडर घड्याळ दाखवायला लागला, आजी उठेनात. शेवटी दोघींनी धरून उठवलं. त्यांनी कापडाची परत तशीच घडी घातली आणि ते घेऊन डोलीत बसल्या. चार-साडेचार तासांचं विमान, दहा-अकरा तासांची गाडी, पुढे अजून चार तास, तेवढंच परत जायचं, आणि हातात आलं ते २६ नंबरचं लेणं फक्त पंधरा मिनिटं. तो ग्रुप घेऊन येणारा टूर ऑपरेटर नंतर दोन वर्षांनी मला फोनवर म्हणाला की आम्ही आता महाराष्ट्र ठेवतच नाही, गया-वाराणसीच करतो, म्हातारी माणसं असतात हो, त्यांना झेपत नाही.

आता गयेचंच बघा साहेब. गया आपल्यापेक्षा मोठं शहर नाही, तिथे आपल्यासारखी वाळूज-शेंद्र्याची इंडस्ट्री पण नाही. पण थंडीत तिथे बँकॉकहून विमानं येतात, यांगूनहून येतात, भूतानच्या पारोहून येतात. कारण बोधगया. बुद्धांना जिथे ज्ञान मिळालं ती जागा, प्रत्येक बौद्ध माणसाला आयुष्यात एकदा तिथे जायचं असतं. आपण प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे की अजिंठा त्या यादीत नाही, बुद्ध स्वतः इथे आल्याचं कुणी सांगत नाही, त्यामुळे गयेला जे आपोआप मिळतं ते आपल्याला कष्टाने मिळवावं लागणार. इथेच इन्सेंटिव्हचा खरा उपयोग आहे. पहिली दोन-तीन वर्षं विमान कंपनीला जी भीती असते की अर्ध्या सीट रिकाम्या जातील, ती भीती सरकारने वाटून घ्यायची, आणि तेवढ्या काळात आपण लोकांना अजिंठ्याची सवय लावायची.

आणि आपल्याकडे काय कमी आहे? १९८३ मध्ये अजिंठा आणि वेरूळ दोन्ही युनेस्कोच्या यादीत गेले, एकाच जिल्ह्यातल्या दोन जागा. शहरात विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत, ती पण बौद्ध, तिथे तर आपलीच माणसं जात नाहीत. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथे कॉलेज काढलं, त्याला मिलिंद नाव दिलं आणि परिसराला नागसेनवन, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथातल्या राजा मिलिंद आणि भंते नागसेन यांच्या संवादावरून. थायलंड-म्यानमारकडच्या साध्या भाविकाला पण ती नावं माहीत असतात, मी स्वतः बघितलंय, नागसेनवनाची पाटी वाचून दाखवली की बसमधली माणसं उठून खिडकीकडे येतात. २०१९ च्या नोव्हेंबरात दलाई लामा इथे आले होते तेव्हा बाहेरच्या देशांतले किती भंतेजी शहरात होते ते आठवा. जपानच्या कर्जातून अजिंठा-वेरूळ विकासाचा प्रकल्प झाला, त्यात आपला एअरपोर्ट पण सुधारला. म्हणजे बाहेरचे टूरिस्ट येतील हे गृहीत धरूनच तो उभा केलाय, आणि आज तिथून जातात कुठे तर मुंबई, दिल्ली, हैदराबाद असं देशातल्या देशात.

आता फ्लाइट कुठली, याच्यावर बोलतो, कारण आपल्याकडे विषय निघाला की पहिलं नाव दुबईचं येतं. दुबईला माझा विरोध नाही, माझे स्वतःचे दोन चुलतभाऊ तिकडे आहेत, पण त्यात एक मोठी अडचण आहे. कुठल्या देशाच्या कंपन्यांनी भारतात आठवड्याला किती सीट आणायच्या याचे दोन देशांत करार असतात. दुबईच्या कंपन्यांचा कोटा आठवड्याला सुमारे ६६ हजार सीटचा, तो कधीच भरलाय, त्यांनी वाढवून मागितला तरी केंद्र सरकार वाढवत नाही. म्हणजे आपण कितीही सवलती दिल्या तरी ती कंपनी मुंबईतली एक फ्लाइट सोडून आपल्याकडे येणार का? नाही येणार. एखाद्या भारतीय कंपनीने केली तर गोष्ट वेगळी.

बँकॉकचं तसं नाही. केंद्राच्या धोरणात अशी १८ पर्यटन शहरं आहेत की जिथे आसियान (थायलंड-व्हिएतनामकडचे) देशांच्या आणि सार्क (श्रीलंका-नेपाळसारखे शेजारी) देशांच्या विमान कंपन्यांना कोट्याबाहेर हव्या तेवढ्या फ्लाइट करता येतात. त्या १८ मध्ये गया आहे, वाराणसी आहे, खजुराहो आहे, आणि औरंगाबाद म्हणून आपलं नाव पण आहे. मुंबई त्यात नाही, पुणे नाही, नागपूर नाही. महाराष्ट्रातलं एकटं आपलं शहर आहे ते! थायलंड, व्हिएतनाम, श्रीलंका, इथली कुठलीही कंपनी उद्या म्हणाली की आम्हाला चिकलठाण्याला उतरायचंय तर सीटच्या कोट्याचा अडथळा नाही. हा दरवाजा इतकी वर्षं उघडा आहे आणि आतबाहेर कुणीच करत नाही. मला हे एका रिटायर्ड एअरपोर्टवाल्या काकांनी गाडीत सांगितलं, मी घरी जाऊन तपासलं, खरंच आहे, त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

अंतर बघा. चिकलठाणा ते बँकॉक साधारण २८०० किलोमीटर, चार तास. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ सारख्या विमानाला हे रोजचं अंतर आहे. रनवे ९३०० फुटांचा, त्याच्यावर असली विमानं रोज उतरतातच. रनवे १२ हजार फुटांचा करायचा, त्यासाठी जमीन घ्यायची हा विषय कितीतरी दिवस चालू आहे, तो होऊ दे, जरूर होऊ दे, मोठी विमानं येतील, पण बँकॉकसाठी त्याच्याकडे बघत बसायची गरज नाही. रनवे वाढल्यावर बघू, हे उत्तर कृपया देऊ नका. हजची विमानं इथून थेट जेद्दाहला गेलीत, तेही अंतर कमी नाही. त्या वेळी इमिग्रेशन बसलं, कस्टम बसलं, सगळं झालं. म्हणजे करायचं ठरवलं की होतं.

हजवरून अजून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. २०२३ मध्ये इथून हजला जाणाऱ्या माणसाला मुंबईहून जाणाऱ्यापेक्षा जवळपास ८८ हजार रुपये जास्त मोजावे लागले. आमच्या कटकट गेटच्या एका चाचांनी म्हैस विकून पैसे भरले, मला माहीत आहे. असं का झालं? छोटं ठिकाण, माणसं कमी, हजचं विमान माणसं सोडून रिकामं परत येणार, बोली लावणारी कंपनी तो सगळा खर्च तिकिटात टाकते. छोट्या शहरातून मोठं विमान उडवायचं तर कुणीतरी तो जास्तीचा खर्च उचलतोच. तिथे तो गरीब हाजींनी उचलला. सबसिडी म्हणजे तोच खर्च काही दिवस सरकारने उचलायचा, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि म्हणूनच तो कसा उचलायचा हे महत्त्वाचं.

बाकीच्या राज्यांनी हे करून झालंय. आंध्रने डिसेंबर २०१८ मध्ये विजयवाड्याहून सिंगापूरची फ्लाइट सुरू करवली, तूट भरून द्यायची हमी सरकारची. लोकांनी छान प्रतिसाद दिला. २०१९ मध्ये सरकार बदललं, पैसे थांबले, आणि त्याच वर्षाच्या मध्यात फ्लाइट बंद. सहा-सात महिने! एखादी नवी फ्लाइट लोकांच्या कानावर पडायलाच तेवढे दिवस जातात, परदेशातला टूर ऑपरेटर तर वर्षभर आधी ब्रोशर छापतो, त्याने छापलं तोवर विमानच गेलं. आसामने केंद्राच्या इंटरनॅशनल उडान योजनेतून गुवाहाटीसाठी स्वतःच्या तिजोरीतून पैसे ठेवले, २०१९ मध्ये ढाक्याचं विमान उडालं. ओडिशाने आधी एप्रिल २०१७ मध्ये भुवनेश्वर-क्वालालंपूर आणलं, नंतर २०२३ मध्ये दुबई, सिंगापूर आणि बँकॉक, राज्य सरकारच्या मदतीवर. त्यांच्याकडे पण रत्नागिरी, उदयगिरी, ललितगिरीची बौद्ध ठिकाणं आहेत आणि ती ते विकतात, मी त्यांचे स्टॉल बघितलेत. आपल्या राज्याला पण हे नवीन नाही. २०२५ मध्ये सोलापूरच्या विमानासाठी मंत्रिमंडळाने व्यवहार्यता तफावत निधी मंजूर केला, म्हणजे सीटमागे तूट सरकारने भरायची. सोलापूरकरांना मिळालं त्याचा आनंदच आहे. तोच निधी, तीच पद्धत, थोडी मोठी करून इथे लावायची, एवढीच मागणी आहे.

किती पैसे लागतील याचा मी माझ्या परीने हिशेब केला, चुकला असेल तर तुमच्याकडे सीए लोक आहेत त्यांच्याकडून करून घ्या. समजा १८० सीटचं विमान, आठवड्याला तीन दिवस, ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्च-एप्रिलपर्यंत २४ आठवडे. ७२ फेऱ्या, जाणं-येणं मिळून २५,९२० सीट. त्यातल्या १०० पैकी ४० रिकाम्या गेल्या असं धरा, म्हणजे १०,३६८. प्रत्येक रिकाम्या सीटला समजा ६ हजार रुपये दिले तरी ६ कोटी २२ लाख होतात. ही रक्कम लहान नाही, मी लहान म्हणणार नाही, आमच्या गावाकडे शाळेचं छत गळतं आणि त्याला पाच लाख मिळत नाहीत, त्यामुळे सरकारचा प्रत्येक रुपया मला मोठा वाटतो. पण राज्याच्या पर्यटनाच्या कामात ही रक्कम बसणारी आहे, फक्त त्याच्यातून काय मिळालं ते दिसलं पाहिजे.

म्हणून अटी घाला, कडक घाला. पहिली गोष्ट म्हणजे सगळ्याच रिकाम्या सीटचे पैसे देत बसू नका, नाहीतर कंपनीला तिकीट विकायची गरजच वाटणार नाही, विमान रिकामं फिरलं तरी त्यांचं भागतंय. साठ टक्के सीट त्यांनी भरायच्या, त्याच्या वरच्या तुटीचं बघू, असं काहीतरी. दुसरं म्हणजे मदत दरवर्षी कमी होत गेली पाहिजे, पहिल्या वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी अर्धी, तिसऱ्या वर्षी अगदी थोडी, आणि हे तिन्ही वर्षांचं एकदम करारात लिहिलेलं पाहिजे, पैसे बाजूला काढून ठेवलेले पाहिजेत, म्हणजे मधे सरकार बदललं, मंत्री बदलले तरी विजयवाड्यासारखं होणार नाही. आणि तिसरी गोष्ट, मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती, येणाऱ्या पाहुण्याला जाणाऱ्यापेक्षा जास्त मोल द्या. विमान सुरू झालं की आपली माणसं बँकॉकला भरभरून जाणार, थायलंडने २०२३ च्या नोव्हेंबरात आपल्याला व्हिसा माफ केल्यापासून आमच्या शहरातली, जालन्याची, परभणीची पोरं ग्रुपने जातायत, जाऊ द्या, त्यांच्यामुळे सीट भरतील आणि सरकारचे पैसे वाचतील. पण जनतेच्या पैशातून जे इन्सेंटिव्ह जाईल त्याचा मोठा वाटा तिकडून इथे आलेल्या परदेशी पासपोर्टवाल्या माणसांच्या आकड्यावर बांधा. इमिग्रेशनकडे आकडा असतोच. जितके आणाल तितका बोनस. मग कंपनी स्वतःहून बँकॉक, चियांग माईच्या टूर ऑपरेटरांकडे जाईल, अजिंठ्याचं पॅकेज विकेल. एक माणूस आला की हॉटेल, गाडी, गाइड, डोलीवाला, टी-पॉइंटवरचा दगड-मणी विकणारा, पैठणी-हिमरूवाला, सगळ्यांच्या घरी काहीतरी जातं. आपला एक माणूस तिकडे गेला तर त्यांच्या टॅक्सीवाल्याच्या घरी जातं. दोन्ही चांगलं आहे पण सरकारने पैसे कशाला द्यायचे हे साफ आहे ना.

आकडे दर महिन्याला जाहीर करा. किती सीट, किती भरल्या, किती परदेशी, किती पैसे दिले. जिल्हाधिकारी ऑफिसच्या बोर्डावर लावा, वेबसाइटवर टाका. आम्ही बघू, चांगलं चाललं तर आम्हीच चार ठिकाणी सांगू.

एक विनंती घोषणा करणाऱ्यांना. इंधनावरचा व्हॅट कमी केला हे इंटरनॅशनल फ्लाइटचं इन्सेंटिव्ह म्हणून सांगू नका. २०२३ च्या बजेटात मुंबई, पुणे, रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्के केला, ते देशातल्या फ्लाइटला चांगलं झालं. पण परदेशी जाणाऱ्या विमानात भरलेलं इंधन निर्यातीसारखं धरतात, त्यावर राज्याचा व्हॅट तसाही लागत नाही. कंपनीला खरोखर उपयोग होतो तो लँडिंग आणि पार्किंगच्या चार्जमध्ये सूट दिली तर, ग्राउंड हँडलिंग स्वस्तात मिळालं तर, आणि तिकडच्या जाहिरातीचा खर्च अर्धा उचलला तर. चार्जचा विषय प्राधिकरणाच्या हातात, म्हणून त्यांनाही हे पत्र आहे.

पैशाशिवायची पण कामं आहेत, आणि ती नाही झाली तर पैसे पाण्यात. इमिग्रेशन आणि कस्टम कायमचं बसवा, हजच्या दिवसापुरतं नको. ई-व्हिसावर जिथे उतरता येतं त्या एअरपोर्टच्या यादीत गया आहे, नागपूर आहे, पुणे आहे, तिथे आपलं नाव घालून घ्या, त्याच्याशिवाय थाई माणूस उतरणार कसा? हे काम दिल्लीचं आहे आणि त्यासाठी आमच्या खासदार साहेबांनी हातातली फाइल खाली ठेवू नये. वेळापत्रक लेण्यांच्या हिशेबाने ठेवा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. रविवारी रात्री फ्लाइट आणली तर पाहुण्याचा पहिला दिवस अजिंठ्याविना जातो, हे तिकडे बसून शेड्यूल करणाऱ्याला कोण सांगणार? म्हणून सांगतो, मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी दिवसाउजेडी उतरवा. थाई बोलणारे गाइड तयार करा. जपानी बोलणारे गाइड आपल्याकडे घडले, पोरांनी शिकून घेतलं आणि त्यावर घरं चालवली, थाई पण शिकतील, विद्यापीठात सहा महिन्यांचा कोर्स काढा, माझा मुलगा पहिला ऍडमिशन घेईल. आणि अजिंठ्याचा रस्ता. त्याच्यावर मी वेगळं पत्र लिहू शकतो, इथे एवढंच की विमानाने चार तासांत आलेल्या माणसाला पुढच्या शंभर किलोमीटरला दोन तासांपेक्षा जास्त लागता कामा नयेत.

काही जण म्हणतात की आता समृद्धी झाली, जून २०२५ मध्ये पूर्ण झाली, नवी मुंबईचं एअरपोर्ट पण झालं, मग तुम्हाला वेगळं इंटरनॅशनल कशाला? उलट मला भीती त्याचीच वाटते. नव्या एअरपोर्टला विमानं लागणार, ते सगळ्या कंपन्यांना आपल्याकडे ओढणार, आणि आपण मागितलंच नाही तर आपल्या वाट्याला पुढची वीस वर्षं काही येणार नाही. समृद्धीने माझा स्वतःचा मुंबईचा वेळ वाचला, खोटं कशाला बोलू, पण सत्तरीच्या आजीसाठी विमानातून उतरून परत पाच-सहा तास गाडी म्हणजे काय असतं ते मी आरशात बघतो, मागच्या सीटवर.

इंडस्ट्रीवाल्यांनी पण सरकारकडे बोट दाखवून गप्प बसू नये असं मला वाटतं. २०१० मध्ये एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेऊन दाखवणारं आपलं शहर आहे. वाळूज, शेंद्रा, ऑरिकमध्ये जर्मन, कोरियन, ब्रिटिश कंपन्या आहेत, त्यांचे साहेब लोक वर्षभर बाहेर येत-जात असतात, ते माझ्याच गाडीतून एअरपोर्टला जातात. पंचवीस-तीस कंपन्यांनी मिळून आधीच लिहून दिलं की आम्ही वर्षाला इतक्या सीट घेणार, बँकॉकवरून पुढे कोरिया-जपानला जाऊ, तर विमान कंपनीला त्याच्यासारखी हमी नाही, आणि सरकारवरचा भार तेवढा कमी. औषधं, बी-बियाणं असा माल विमानाच्या पोटातून जाऊ शकतो, त्याचं भाडं कंपनीला वेगळं मिळतं.

वेळेचं बोलतो आणि थांबतो. विमान कंपन्यांचं विंटर शेड्यूल ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि विमान कुठे लावायचं हे त्यांचं उन्हाळ्यातच ठरतं. म्हणजे दिवाळीत बैठक घेऊन उपयोग नाही. टेंडर, अटी, इमिग्रेशनचं पत्र, हे सगळं बजेट अधिवेशन संपता संपता हातात पाहिजे, तर त्या वर्षी थंडीत विमान येईल, नाहीतर अजून एक सीझन गेला.

बैठक लावली तर मला बोलवा, मी येईन. आणि ज्या अधिकाऱ्यांना हे ठरवायचं आहे त्यांना माझं एक बोलावणं आहे, एकदा मुंबई एअरपोर्टच्या बाहेर रात्री अडीचला या, मी ट्रॅव्हलर घेऊन उभा असेन, तुम्हाला तिथून उचलतो आणि ग्रुपला नेतो तसं थेट नेतो, तेवढेच थांबे, तेवढाच वेळ, दुसऱ्या दिवशी सकाळी फर्दापूर, शटल, पायऱ्या, २६ नंबरचं लेणं, पंधरा मिनिटं, आणि परत मुंबई. भाडं घेणार नाही, डिझेल पण माझं.

आपला,
एक टूरिस्ट गाडीवाला
जालना रोड, छत्रपती संभाजीनगर